राखणदाराच्या खिशातले चोर

आमच्या कारखान्यात मार खायला काही करावं लागत नसे, समोर असलं की पुरे. मालकाला सगळे धणी म्हणत, कानडीतही आणि आमच्या मराठीतही. त्या धण्याचा हात चपळ होता आणि त्याच्या मेहुण्याचा त्याहून चपळ. धणी निदान कारण सांगून मारायचा. मेहुणा आधी मारायचा आणि कारण जेवून आल्यावर सुचेल तसं सांगायचा.

मला मात्र कुणी कधी हात लावला नाही. एकदा मेहुण्यानं बोलता बोलता माझ्या खुर्चीला लाथ घातली, तेव्हा मी कागदाला भोकं पाडायचा लोखंडी पंच उचलून टेबलावर असा आदळला की वरची काच तडकली. मग म्हटलं, हं, आता बोला. तो दात दाखवून निघून गेला. घरी आई म्हणाली, इतका राग बाईमाणसाला बरा नाही, स्वल्प कमी कर. मी म्हटलं, कुठून कमी करू? आमचे पूर्वज फौजेबरोबर बेंगळुरात आले आणि इथंच राहिले. तलवारी गेल्या, कारकुन्या आल्या, मराठी अर्धी कानडी झाली, राग तेवढा अस्सल राहिला.

कारखाना यशवंतपूरला, मालधक्क्याच्या मागच्या गल्लीत. पंपांना लागणारे पितळी व्हॉल्व्ह बनवायचे. नव्वदीची मधली वर्षं होती. ऑफिसात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके कॉम्प्युटर, आणि ते सांभाळायचं काम माझ्याकडे. बिघडले तर शिव्या मला, चालले तर कौतुक धण्याच्या देवाला.

धण्याचा कुणावरच विश्वास नव्हता, म्हणून तो प्रत्येक गोष्ट दोन ठेवायचा. स्टोअरला दोन कुलपं, दोन किल्ल्या दोन माणसांकडे. हिशेबाला दोन अकाउंटंट, दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही. फाटकावर दोन वॉचमन, ते सुद्धा दोन वेगळ्या एजन्सींचे. कामगारांची झडती झाली की संध्याकाळी त्यांनी एकमेकांची झडती घ्यायची. एकदा जुन्या वॉचमनच्या खिशात एक नट सापडला आणि नव्यानं काठी घालून त्याचं डोकं फोडलं. रक्त सिमेंटवरून गटारापर्यंत गेलं. नट त्याच्या सायकलचा होता. धणी वर गॅलरीत उभा राहून बघत होता. मला म्हणाला, हे एकमेकांना फाडतात ना, म्हणजे माझा माल शाबूत आहे.

तर असल्या माणसाला कुणीतरी व्हायरस म्हणजे काय ते सांगितलं. त्याआधी आमची काही ड्रॉइंग एका मशीनमधून नाहीशी झाली होती. हार्ड डिस्क म्हातारी होती, मेली, मी तसं सांगितलंही होतं. पण पुढच्याच महिन्यात पीण्या नावाच्या जवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यानं तसलाच व्हॉल्व्ह बाजारात आणला. झालं, धण्याच्या डोक्यानं घेतलं की त्यांनी आपल्यातल्या कुणाला तरी फितवलं आणि फ्लॉपीतून व्हायरस आत सोडला. कावीळ झालेल्याला सगळं पिवळंच दिसणार.

अँटिव्हायरस आमच्याकडे आधीपासून होता. मशीन चालू केलं की तो मेमरीत जाऊन बसायचा आणि दिवसभर पहारा द्यायचा. पण मेहुणा एसपी रोडवरच्या कुठल्याशा दुकानातून दुसऱ्या कंपनीचा एक घेऊन आला. मी विचारलं, मग जुना काढू का? धणी माझ्याकडे अशा नजरेनं बघायला लागला की जणू मी चोराची बहीण. तो म्हणाला, जुन्या वॉचमनला काढायचं नसतं, नवा आणून त्याच्या छातीवर बसवायचा. हुकूम झाला. नवा अँटिव्हायरस डिस्पॅचच्या मशीनवर चढला, कारण सगळी बिलं आणि गिऱ्हाइकांचे पत्ते त्याच मशीनवर होते. दर सोमवारी सकाळी मेहुण्यानं मागं उभं राहून तो चालवून घ्यायचा असं ठरलं.

डिस्पॅचच्या मशीनवर एक पोरगेलासा माणूस बसायचा, होसकोटेकडच्या खेड्यातला. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. टाइपिंगच्या परीक्षा पास होऊन आलेला, कानडी आणि इंग्रजी दोन्ही, आणि बोटं अशी चालायची की बिल मागायला आलेला ड्रायव्हर चहा संपवायच्या आत कागद हातात पडायचा. बाकीचे मला मॅडम म्हणत, तो अक्का म्हणायचा. मी त्याला तम्मा म्हणायचे, कानडीत धाकटा भाऊ. स्वभावानं इतका गरीब की मलाच राग यायचा. पंख्याचं बटण दाबायचं तरी विचारून दाबणार.

पहिल्या सोमवारी मेहुण्यानं त्याच्याकडून नवा अँटिव्हायरस चालवून घेतला. पडदा लालभडक झाला आणि मशीनमधून सायरन वाजायला लागला, कर्कश, थांबेचना. मेमरीत व्हायरस सापडला असं पडद्यावर लिहिलं होतं. मी माझ्या टेबलावरून उठेपर्यंत पहिली थप्पड बसली होती. तम्माचा चष्मा उडून प्रिंटरखाली गेला. दुसरी बसली तेव्हा मी मध्ये शिरले. मेहुणा म्हणाला, मॅडम, बाजूला व्हा, चोर सापडलाय. मी म्हटलं, चोर मशीनमध्ये आहे की याच्या गालात? धण्यानं आतून हाक मारली म्हणून तेवढ्यावर सुटलं.

मी त्या मशीनची पाळंमुळं खणली. माझ्याजवळच्या खात्रीच्या, शुद्ध फ्लॉपीवरून मशीन चालू केलं आणि नव्या अँटिव्हायरसनंच तपासलं, तर काही नाही. सगळं स्वच्छ. नेहमीसारखं डिस्कवरून चालू केलं की परत लाल. तेव्हा काही लपणारे व्हायरस असत, तपासायला गेलं की दडून बसणारे, म्हणून मलाही वाटलं की असेल एखादा हरामखोर. डिस्क पुसली, सगळं पहिल्यापासून चढवलं, दोन्ही पहारेकरी परत बसवले. हे सगळं तम्मा शेजारी उभा राहून बघत होता. गालावर चार बोटं उमटलेली, आणि मला विचारतोय, अक्का, चहा आणू का?

पुढच्या सोमवारी परत लाल.

या वेळी मेहुण्यानं त्याला मारलं नाही. त्यानं आख्ख्या ऑफिसची टेबलं उपसली, बायकांच्या पर्सेस उलट्या केल्या, जेवणाचे डबे उघडले, आणि सापडेल ती फ्लॉपी गोळा करून वर्कशॉपच्या ऐरणीवर नेली. आम्हाला सगळ्यांना गोल उभं केलं. हातोडा घेऊन एकेक फोडायला लागला. माझ्या बॅकअपच्या फ्लॉप्या होत्या त्यात, वर्षभराच्या. मी ओरडले की अरे मेल्या, यातच तुझ्या दाजीचा धंदा आहे. तो ऐकतोय कशाला! फ्लॉपीवरची एक पत्र्याची झडप उडाली आणि शेजारच्या लेथवाल्याचा गाल उभा चिरून गेली. तो गालावर हात दाबून तसाच उभा राहिला, रक्त कोपरातून खाली ठिबकत होतं, पण जागचा हलला नाही. हलला असता तर त्याच्यावर संशय आला असता.

सगळं फोडून झाल्यावर मेहुण्यानं हातोडा तम्माच्या हनुवटीखाली टेकवला. शांतपणे बोलला, कानडीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"पुढच्या सोमवारी लाल झालं तर या बोटांनी तू परत टाइप करणार नाहीस."

मी तशीच धण्याच्या खोलीत गेले. सांगितलं, हा खोटा गजर आहे, नवा अँटिव्हायरसच खुळा आहे, काढून टाका. धणी उदबत्ती लावत होता. म्हणाला, खोटा म्हणता ना, मग तो त्याच्याच मशीनवर का वाजतो? बाकीच्या मशीनवर जुना आहे, तो गप्प आहे. त्याच्या मशीनवर नवा आहे, तो ओरडतोय. म्हणजे जुना झोपला होता आणि नव्यानं पकडलं. आठवडाभर मी त्या प्रश्नाला डोकं आपटत राहिले. तम्मा येता-जाता फक्त बघायचा, विचारायचा नाही. शनिवारी निघताना तेवढं म्हणाला, "अक्का, सोमवारच्या आत सापडेल ना?" मी सापडेल म्हटलं.

सोमवारी सकाळी फाटकात जीप उभी. होसकोटेच्या औद्योगिक वसाहतीत धण्याचं नवं युनिट निघत होतं, तिथं कोरा कॉम्प्युटर आला होता, तो मी आजच लावून द्यायचा. मी म्हटलं, आज नाही. धणी म्हणाला, आजच, पूजा झाली आहे, मुहूर्त आहे. मी म्हटलं, मग मी परत येईपर्यंत डिस्पॅचच्या मशीनला कुणी हात लावायचा नाही. मेहुणा म्हणाला, सरी, सरी, म्हणजे बरं, बरं. त्याचं सरी मला ठाऊक होतं. म्हणून जाताना मी डिस्पॅचच्या मशीनची विजेची वायर काढून माझ्या पिशवीत कोंबली आणि तम्माला सांगितलं, तू जेवणापर्यंत पॅकिंगच्या पोत्यांमागं जाऊन बस, कुणी हाक मारली तरी येऊ नकोस. तो सरी अक्का म्हणाला. दोघांचं सरी ऐकून मी जीपमध्ये बसले.

होसकोटेला नुसत्या भिंती उभ्या होत्या. एका खोलीत टेबल आणि टेबलावर खोका. मीच सील फोडलं, मीच जोडलं. त्या मशीनला माझ्याशिवाय कुणाचा हात लागला नव्हता, एक फ्लॉपीसुद्धा आत गेली नव्हती. आधी धण्याच्या कपाटातून आणलेल्या मूळ फ्लॉपीवरून जुना अँटिव्हायरस चढवला. मग धण्याच्या नियमाप्रमाणे त्याच्या छातीवर नवा. सवयीनं तो चालवून बघितला.

लाल पडदा आणि तोच सायरन.

मी खुर्चीवरून उठून भिंतीला पाठ लावून उभी राहिले. कोरं मशीन आहे हे, माझ्या हातानं उघडलेलं. मग जुना काढला आणि नवा चालवला, तर सगळं स्वच्छ. जुना परत बसवला, तर लाल. नवा काढला आणि जुनाच ठेवला, तर शांत. दोघं एकत्र आले की बोंब, एकेकटे असले की गरीब गाय. आणि मग डोक्यात लख्ख झालं. जुन्या राखणदाराला चोर ओळखायचे तर सगळ्या चोरांच्या खुणा जवळ बाळगायला हव्यात, तसा तो त्या मेमरीत उघड्या घेऊन बसायचा. नवा येऊन मेमरीची झडती घ्यायचा, त्या खुणा दिसायच्या आणि तो चोर चोर म्हणून ओरडायचा. व्हायरस नव्हताच. पहिल्या दिवसापासून नव्हता. माझ्या शुद्ध फ्लॉपीवरून चालू केलं की जुना मेमरीत यायचाच नाही, म्हणून तेव्हा शांत असायचं. आणि दोघं एकत्र फक्त तम्माच्या मशीनवर होते, म्हणून फक्त तिथंच वाजायचं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, इथं तर चोरच नव्हता.

मी बाहेरच्या ऑफिसमधल्या फोनकडे धावले. यशवंतपूरचा नंबर लागायला जीव खाल्ला. शेवटी उचलला गेला आणि मेहुण्याचा आवाज आला, आणि त्याच्या मागून, लांबून, सायरन. मी काढून आणलेल्या वायरीच्या जागी त्यानं दुसऱ्या मशीनची वायर लावली होती. ऑफिसातल्या सगळ्या मशीनच्या वायरी एकसारख्याच असतात, मेला तेवढं शिकला होता. मी म्हटलं, थांब, त्याला हात लावू नकोस, खोटं आहे ते, मला सापडलंय. तो म्हणाला, "मॅडम, लाल झालंय." आणि फोन ठेवला. मी परत लावला, तर वाजत राहिला.

जीपच्या ड्रायव्हरला मी त्या दिवशी जे बोलले ते माझ्या आईनं ऐकलं असतं तर तिनं विहीर जवळ केली असती. जुन्या मद्रास रस्त्यावर ट्रकांची रांग, कृष्णराजपुरच्या फाटकाजवळ सगळं ठप्प. मी खाली उतरून एका लॉरीच्या दारावर चपलेनं मारत होते, हलव म्हणून. तो वरून हसत होता. मला त्याला खाली ओढून रस्त्यावर आपटावंसं वाटत होतं.

पोहोचले तेव्हा जेवणाची सुटी होऊन गेली होती आणि तरी यंत्रं बंद होती. कामगार अंगणात घोळक्यानं उभे, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. पॅकिंगच्या खोलीचं शटर अर्धं खाली आणि त्याच्यापुढे दोन्ही वॉचमन. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे ते दोघं खांद्याला खांदा लावून उभे होते. आतून आवाज येत होता, माणसाचा वाटत नव्हता. मी वाकून दोघांच्या पायांमधून आत घुसले.

लोखंडी कपाटाचा खण उघडा होता. मेहुण्याच्या एका माणसानं तम्माला मागून धरलं होतं. त्याच्या दोन्ही हातांची बोटं खणाच्या कडेवर ठेवली होती आणि मेहुणा गुडघ्यानं खण बंद करत होता. एकदा, मग उघडून विचारायचं, मग परत. तम्माचं तोंड उघडं होतं आणि त्यातून लाळ आणि रक्त, कारण जीभ चावली गेली होती. खणातून खाली फरशीवर थेंब पडत होते. मेहुणा घामाघूम झाला होता, कष्टाचं काम करणाऱ्या माणसासारखा.

टेबलावर पॅकिंगला आलेले व्हॉल्व्ह होते. हाताला आला तो मी उचलला आणि मेहुण्याच्या जबड्यावर मारला. हाड मोडल्याचं मला हातात कळलं. तो आडवा झाला, मी परत मारला, खांद्यावर, मग कानावर. मागचा माणूस तम्माला सोडून पळाला. मी तिसरा की चौथा घाव घालायला हात वर केला तेव्हा वॉचमननी मला मागून उचललं. मी पाय झाडत होते, एकाला चावलेसुद्धा. लोकांना वाटतं मी आता म्हणेन की वाईट केलं. नाही. मेल्याचे दात चारच पडले, याचंच मला अजून वाईट वाटतं.

तम्मा खाली बसला होता आणि हात पुढं धरून त्यांच्याकडे बघत होता. बोटं जांभळी, दोन तर भलतीकडेच वळलेली. जीपच्या ड्रायव्हरला मी त्याला घेऊन दवाखान्यात धाडलं. मला तेव्हाच त्याच्याबरोबर जायचं होतं, पण मला आधी धणी हवा होता. हा डाग आज, आत्ता, सगळ्यांसमोर पुसला गेला नाही तर कधीच पुसला जाणार नाही, एवढं मला कळत होतं.

धण्याला मी हाताला धरून त्याच्या खोलीत ओढत नेलं. तिथलं मशीन, ज्याला तो स्वतःच कुलूप लावून ठेवायचा, त्यावर जुना होताच. त्यावर सगळ्यांसमोर नवा चढवला आणि चालवला. लाल, सायरन. सगळा स्टाफ दारात उभा. मी धण्याला विचारलं, तुमच्या मशीनवर व्हायरस कुणी आणला, तुम्ही? मग जुना काढून दाखवला, शांत. परत बसवला, लाल. त्याला समजेल अशा भाषेत सांगितलं. म्हटलं, तुमच्या जुन्या वॉचमनच्या खिशात चोरांचे फोटो आहेत, ओळखायला ठेवलेले. नवा वॉचमन त्याची झडती घेतो, फोटो बघतो आणि चोर सापडले म्हणून शिट्टी फुंकतो. चोर नाहीच. फोटो आहेत नुसते. त्या फोटोंसाठी तुम्ही एका माणसाची बोटं मोडलीत.

धण्याला कळलं होतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तो काही मूर्ख नव्हता. मग त्यानं धोतराच्या सोग्यानं कपाळ पुसलं आणि म्हणाला, "पण मॅडम, त्यानं कबूल केलंय."

मी म्हटलं, काय कबूल केलंय?

"निळी फ्लॉपी होती म्हणाला. पीण्याच्या बसस्टॉपवर एका माणसानं दिली म्हणाला. न घडलेल्या गोष्टीला माणूस रंग कसा सांगेल?"

दारातले लोक माना हलवायला लागले. अकाउंटंट, टाइपिस्ट, गाल शिवलेला लेथवालासुद्धा. आत्ता डोळ्यांदेखत सगळं बघूनही. मी टेबलावरचा कॉम्प्युटर उचलून खाली फेकला. फुटला, काचा झाल्या, आणि मी ती नोकरी सोडली.

पुढं पोलिसांत जायचं माझं ठरलं होतं. मेहुण्यानं माझ्यावर तक्रार केली असती तर बरंच झालं असतं, पण बाईनं दात पाडले हे तो कुठल्या तोंडानं सांगणार, आणि तोंड तरी कुठं धड होतं. मी होसकोटेच्या पलीकडे तम्माच्या गावी गेले. त्याची बायको दारातच रडायला लागली. तम्मा आत भिंतीकडे तोंड करून बसला होता, दोन्ही हातांना प्लास्टर. बायकोच त्याला घास भरवत होती. मी आल्याचं बघून हसला, बसा अक्का म्हणाला. वडिलांना मी बाजूला घेतलं आणि तक्रारीचं बोलले. म्हातारा माझे पाय धरायला वाकला. नको अम्मा म्हणाला, ठाण्यात नेलं तर हा तिथंपण तेच सांगेल. आम्हालापण तेच सांगतो, की मीच आणला होता, निळी होती. आम्ही म्हणतो नाही रे, तर म्हणतो नसती तर एवढं मारलं असतं का?

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या, पण मारायला तिथं कुणी नव्हतं. मी आत जाऊन तम्माला सगळं समजावलं, राखणदार, फोटो, झडती, सगळं. तो ऐकून घ्यायचा आणि शेवटी हळूच म्हणायचा, "पण अक्का, पडदा लाल तर झाला होता ना."

मग मी ठरवलं की याला डोळ्यांनी दाखवायचं. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की खरं-खोटं कळतं, असा माझा तेव्हा पक्का विश्वास होता. तोवर मला मल्लेश्वरमच्या एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायचं काम मिळालं होतं. त्याचं प्लास्टर निघालं, दोन बोटं वाकायची नाहीत पण बाकीची चालत होती. क्लासमध्ये त्यालाही काम मिळत होतं, मी बोलून ठेवलं होतं, पण कॉम्प्युटरचं नाव काढलं की तो हात टॉवेलाखाली घ्यायचा. एका रविवारी सकाळी क्लास बंद असताना मी त्याला बोलावलं. बायकोनं त्याला शर्ट घालून, भांग पाडून पाठवलं होतं.

मी एक कोरं मशीन आधीच तयार ठेवलं होतं. त्याला शेजारी बसवलं. म्हटलं, हे बघ तम्मा, या मशीनला तू कधी हात लावला नाहीस, या इमारतीतसुद्धा तू आज पहिल्यांदा आलास. आता मी दोन्ही राखणदार बसवते. पडदा लाल होईल, सायरन वाजेल, तो मीच वाजवणार आहे, भ्यायचं नाही. मग एकाला काढते, की बंद. बघशील ना? तो म्हणाला, सरी अक्का. चेहरा शांत होता. मी परत विचारलं, नक्की? तो म्हणाला, नक्की.

मी बटण दाबलं. पडदा लाल झाला आणि सायरन सुरू झाला.

तम्मा खुर्चीवरून घसरून जमिनीवर गेला. गुडघे छातीशी घेतले, दोन्ही हातांची बोटं काखांत दडवली, डोळे घट्ट मिटले आणि बोलायला लागला. "हौदु सार, नाने तंदे." होय साहेब, मीच आणला. पीण्याच्या स्टॉपवर एका माणसानं दिली सार, निळी होती सार. मी ओरडले की अरे मी आहे, अक्का आहे, इथं दुसरं कुणी नाही. त्याचा खांदा धरायला गेले तर त्यानं अंग असं आक्रसून घेतलं की मी हात मागं घेतला. मशीनच्या मागं हात घालून मी वायर उपटली. सायरन बंद झाला, पडदा काळा झाला. मग मी त्याच्यासमोर फरशीवर बसले, आणि तो डोळे मिटून मला साहेब, साहेब म्हणत सगळं पहिल्यापासून परत कबूल करायला लागला.